लास्ट किती?

बेळगावात भाव सांगितल्यावर समोरच्यानं मुकाट्यानं पैसे काढून दिले, तर विकणाऱ्याची रात्रीची झोप जाते. आपण भाव कमी सांगितला की काय, नोट खोटी आहे की काय, की हा माणूस इन्कम टॅक्सवाला आहे, असे तिन्ही विचार त्याच्या डोक्यात एकदम येतात. खडेबाजारातली साडी असो की शनिवारच्या बाजारातली मेथीची जुडी, भाव ही इथं माहिती नसते. तो बोलण्याचा विषय असतो. विषय निघाला की बोलावं लागतं. न बोलता गेलेलं गिऱ्हाईक शिष्ट समजलं जातं.

अशा गावात आम्ही टिळकवाडीतल्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिवसाच्या भाड्यानं द्यायला काढल्या. मुलं पुण्याला आणि बेंगळूरला गेली, खोल्यांत जुने दिवाळी अंक आणि वडिलांची छत्री एवढंच उरलं, तेव्हा मुलीनंच फोटो काढले, ॲपवर टाकले आणि भाव लिहिला : रात्रीला १८०० रुपये, चहा-नाश्ता धरून. आकडा छापील होता. छापील आकड्याशी कोण काय बोलणार, असं आम्हाला वाटलं.

हा सगळा उद्योग ज्यांच्या डोक्यातून निघाला, ते दोघे तरुण सॅन फ्रान्सिस्कोचे. २००७ च्या ऑक्टोबरात घरभाडं भागेना म्हणून त्यांनी आपल्याच घरात हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले, रात्रीला ८० डॉलर घेतले, आणि त्यातून पुढं एअरबीएनबी उभी राहिली. त्या तिघांतला पहिला पाहुणा होता अमोल सुर्वे. म्हणजे धंद्याचा नारळ फुटला तोच आपल्या माणसाच्या हातून! सुर्वे आडनावाचा माणूस हवेच्या गादीचे ८० डॉलर देतो, यावरूनच ही कंपनी मोठी होणार हे जगानं ओळखायला हवं होतं.

आम्हाला मात्र सुर्वे भेटले नाहीत. आम्हाला आलेला पहिलाच निरोप दोन शब्दांचा होता : 'लास्ट किती?' नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, माणसं किती तेही नाही. यायचं कधी हे ठरलेलं नसताना भाव मात्र शेवटचा हवा होता.

तेव्हापासून निरोप वाचणं हा आमचा संध्याकाळचा कार्यक्रम झालाय. ही मोठ्यानं वाचते, मी वर्गवारी करतो.

सगळ्यांत मोठा वर्ग वजाबाकीवाल्यांचा. यांना खोली अख्खी नको असते, सोलून हवी असते. 'एसी लावणार नाही, त्याचे कमी करा. नाश्ता नको, सोमवार आहे. गिझरचं काम नाही, आम्ही गार पाण्यानंच करतो. टीव्ही बघत नाही. आणि दिवसभर बाहेरच हाय ओ आम्ही, गोकाकचा धबधबा बघून रात्री नुसती पाठ टेकायला येणार.' हा हिशेब असाच पुढं नेला, तर सकाळी निघताना आम्हीच त्यांच्या हातावर काहीतरी ठेवायला हवं. एकानं तर फोटोतल्या सोफ्यावर बोट ठेवून 'हा तिथनं काढला तर किती पडंल?' असं विचारलं होतं. प्रत्यक्षात मंडळी आली की एसी रात्रभर अठरावर. सकाळी गिझरच्या पाण्यानं अंघोळ करून सगळे इडलीला हजर. उपासाची आठवण करून दिली, तर उत्तर येतं, 'इडलीला उपासाचं लागत नाही ओ, आंबवलेली असते.'

दुसरा वर्ग शिरगणतीवाल्यांचा. ॲपवर माणसं दोन, दारात पाच. 'बारकं हाय, त्याला धरू नका.' बारकं म्हणजे ज्याला मिसरूड फुटलंय आणि जो दारातून आत येताना वाकतो. 'म्हातारीला काय धरताय? ती एका जाग्यावर बसून असती.' उरलेली मावशी. ती मुक्कामाला नाहीच, ती 'नुसती सोडायला आलीय.' सोडायला आलेली मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांबरोबरच सुटते.

यात पाहुण्यांना दोष देता येत नाही, कारण दोन्ही सरकारांनीच सवय लावलीय. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. पंचाहत्तरीपुढच्यांना तर त्याच्या आधीपासूनच फुकट. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसमध्ये फुकट, फक्त पत्ता कर्नाटकातला हवा. कोल्हापूरची नणंद सीमेपर्यंत अर्ध्यात येते, निपाणीची भावजय तिथून पुढं फुकटात. दोघी आमच्या दारात उतरल्यावर पूर्ण पैसे ही कल्पनाच त्यांना अनैतिक वाटते. 'सरकार एवढं सोडतंय आणि तुमच्यानं दोनशे सुटंनात व्हय?' असं भावजयीनं विचारल्यावर सरकारची बाजू घ्यावी की आपली, हे कळेनासं होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला खोल्यांवरचा जीएसटी साडेसात हजार भाड्यापर्यंत बारा टक्क्यांवरून पाचवर आला, तेव्हा हुबळीच्या एका व्यापाऱ्यानं लगेच निरोप धाडला : 'निर्मलाअम्मांनी सात सोडले. आता तुमचे सात कधी?'

तिसरा वर्ग भविष्यवाल्यांचा. हे आज पैसे देत नाहीत, उद्याचं आश्वासन देतात. 'या टायमाला कमी करा, पुढच्या टायमाला वीस माणसं आणतो.' या दोन खोल्यांत वीस माणसं ही मला धमकी वाटते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. एकानं मेव्हण्याच्या लग्नाचं अख्खं वऱ्हाड आमच्याकडं उतरवण्याचा शब्द दिला आणि तीनशे रुपये सोडवले. जाताना मेव्हण्याची ओळख करून दिली. तो आठवीत होता.

पण आमच्या भागाची खरी खासियत म्हणजे नातेवाले. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, आजरा एवढ्या टापूत नातं काढायला फार खोल जावं लागत नाही. पाहुणा भावाचा विषय काढतच नाही. आधी चहा घेतो. मग हळूच, 'तुमचं मूळ गाव कुठलं ओ?' चंदगडकडचं म्हटलं की त्याचे डोळे चमकतात. 'आमच्या आत्याचं सासर कोवाडचं की! म्हणजे घरचंच झालं.' घरचं झालं की पैशाचं नाव काढणं वाईट दिसतं. आता आमच्याकडं याचा अलिखित तक्ताच तयार झालाय. आत्याच्या सासरापर्यंत नातं पोचलं तर शंभर, आईचं माहेर निघालं तर दोनशे, आणि देवक एक निघालं तर ही आतून 'जेवूनच जा' म्हणते; मग मी हिशेब करायचं सोडून देतो.

नातं निघालं नाही, तर भाषा निघते. साताऱ्याचे एक गृहस्थ माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, 'सीमाभागातल्या मराठी माणसाच्या पाठीशी उभा महाराष्ट्र उभा आहे.' मला भरून आलं. मग त्यांनी हात न सोडता विचारलं, 'तर काही कमी होईल का?' धारवाडचे पाहुणे तेवढ्याच आपुलकीनं म्हणतात, 'नम्म राज्यदाग इद्दीरि, स्वल्प कम्मी माड्री.' आमच्या राज्यात राहता, थोडं कमी करा. चोर्ला घाट चढून खरेदीला आलेले गोवेकर या वादात पडत नाहीत. ते पिशव्या खाली ठेवतात आणि 'मातशें उणें करात' म्हणून गोड हसतात. तीन भाषांतला माणूस तीन कारणं सांगतो. रक्कम मात्र तिघांचीही पाचशेच असते.

एका १ नोव्हेंबरला तर कमालच झाली. १९५६ साली याच तारखेला राज्यांची फेररचना झाली. त्यामुळं बेळगावात या एकाच दिवशी कुणाचा राज्योत्सव असतो, तर कुणाचा काळा दिन. आमच्या एका खोलीत मिरवणूक बघायला आलेलं कुटुंब होतं, दुसऱ्या खोलीत निषेधाच्या फेरीला आलेले काका. सकाळी दोन्ही पक्ष नाश्त्याला समोरासमोर आले. मी पोह्यांची परात मधे धरून उभा. पण पोह्यांवर एकमत झालं. चहावरही झालं. आणि मग दोघांनी मिळून, दोन्ही खोल्यांना मिळून काहीतरी कमी करावं, असा संयुक्त ठराव माझ्यापुढं मांडला. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचं बिनविरोध एकमत झालेला ठराव मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

तसं बघायला गेलं, तर सीमाप्रश्न हीच या देशातली सर्वांत लांबलेली घासाघीस. महाराष्ट्रानं मागितली ८१४ गावं. १९६६ साली महाजन आयोग बसला, त्यानं पुढच्या वर्षी २६४ सांगितली, तीही बेळगाव शहर वगळून. महाराष्ट्र म्हणाला, परवडत नाही. कर्नाटक म्हणालं, हाच लास्ट, घ्यायचं तर घ्या. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि भाव अजून फुटलेला नाही. अशा मातीत वाढलेल्या माणसानं अठराशेचे आठशे मागितले, तर त्याला हट्टी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

शिवाय गावाचा इतिहासही माझ्याच विरोधात जातो. एक निवृत्त मास्तर मुक्कामाला आले होते. ते सकाळी काँग्रेस विहिरीपर्यंत फिरून आले आणि येतानाच मुद्दा घेऊन आले. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकाच अधिवेशनात, डिसेंबर १९२४ ला, आणि ते भरलं याच टिळकवाडीत. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी व्यवस्था केली होती. गांधीजींसाठी बांबूची झोपडी बांधली, तिला साडेतीनशे रुपये आले. इतका खर्च कशाला, म्हणून गांधीजींनी तक्रार केली. एवढ्यावर न थांबता प्रतिनिधींची फी त्यांनी दहा रुपयांवरून एक रुपयावर आणली. 'म्हणजे नव्वद टक्के सूट!' मास्तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबून म्हणाले. 'राष्ट्रपित्यानं! तुमच्याच गल्लीत! मी तर दहाच टक्के मागतोय.' मी म्हटलं, 'मास्तर, एवढं करूनही अधिवेशन संपल्यावर काँग्रेसकडं ७७३ रुपये शिल्लक राहिले होते. माझ्याकडं विजेचं बिल शिल्लक राहतं.' मास्तरांनी दहा टक्के घेतलेच. इतिहासाच्या माणसाशी इतिहासात शिरून वाद घालू नये.

या सगळ्यात सुखी आहे तो माझा निपाणीचा मेव्हणा. हायवेला लागून त्याच्या तीन खोल्या आहेत. अमावास्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला जाणारी मंडळी त्याच्याकडं उतरतात, सौंदत्तीला यल्लम्माला निघालेली उतरतात, आणि तवंदीचा घाट रात्री नको म्हणणारे ड्रायव्हरही उतरतात. त्याचा बाप तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होता. कडता कसा लावतात, नमुना हुंगून नाक कसं मुरडतात, आणि मनात हो असताना मान नाही कशी हलवतात, हे सगळं शिक्षण त्याला घरात मिळालं. राहिलेलं देवचंद कॉलेजात मिळालं. कॉलेज निपाणीला चिकटून, पण ते आहे अर्जुननगरात, आणि अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मेव्हणा रोज राज्य ओलांडून बीकॉम झाला. त्याचा तो आजही उपयोग करतो. मराठीच्या नावानं कुणी सूट मागितली, की 'मी कर्नाटकात ऱ्हातोय, आमाला इथलं बघायला लागतं' म्हणतो. कन्नडच्या नावानं मागितली, की 'माझं सगळं शिक्षण महाराष्ट्रात झालंय' म्हणून हात जोडतो.

'दाजी, तुमचं चुकतंय कुठं सांगू?' तो मला म्हणाला. 'तुम्ही खरा भाव सांगताय. खरा भाव सांगितल्यावर माणसानं बोलायचं काय?'

त्याची पद्धत सरळ आहे. घ्यायचे असतात पंधराशे, सांगायचे पंचवीसशे. पाहुणा दचकतो. मेव्हणा त्याला बसवतो, चहा मागवतो. मग दोनशे उतरतो, कपाळाला हात लावतो, आत जाऊन बायकोला विचारल्यासारखं करतो, बाहेर येऊन आणखी तीनशे उतरतो, गादीच्या कापसाचा भाव सांगतो, आणि शेवटी 'तुमच्यासाठी म्हणून, पर खाली कुणाला सांगू नका' असं म्हणून पंधराशेवर येऊन थांबतो. पाहुणा हजार रुपये मिळवल्याच्या आनंदात झोपतो, मेव्हणा पंधराशे मिळवल्याच्या. आणि मी? मी अठराशेचे सतराशे करतो, तेही खरोखरीचे शंभर पदरचे सोडून, आणि पाहुणा मात्र 'शंभरच सुटले' म्हणून तोंड पाडून जिना चढतो.

मेव्हण्याचं बोलणं ऐकल्यावर एक गोष्ट मला कळली. सूट मागणाऱ्याला पैसे वाचवायचे असतातच असं नाही. आमच्याच एका पाहुण्यानं अर्धा तास घालवून दोनशे कमी करून घेतले आणि संध्याकाळी त्याच दोनशेचे आमच्या नातवाला कॅडबरीचे डबे आणले. त्याला हवं असतं ते एवढंच, की आपण आलो म्हणून या घरातलं कुणीतरी जागचं थोडं हललं. छापील आकडा हलत नाही, म्हणून त्याचा राग येतो. त्यातून ॲपवाल्यांनी यजमानासाठी 'खास ऑफर'चं बटण ठेवलंय, आठवड्याची सूट, महिन्याची सूट अशा पट्ट्याही ठेवल्यात. पण बटण दाबून दिलेल्या सवलतीत कपाळाला हात लावणारा माणूस नसतो. पाहुण्यांना ती सवलत वाटतच नाही. ते ती घेतात, आणि मग 'आता लास्ट किती?' असं विचारतात.

डिसेंबरात मात्र हा प्रश्न बंद असतो. २०१२ साली सुवर्ण विधानसौध झालं, तिथं हिवाळी अधिवेशन भरलं की गावात लॉजवर खोली मिळायची मारामार. त्या दिवसांत लोक 'किती?' विचारत नाहीत, 'आहे का?' एवढंच विचारतात. ऐकायला इतकं गोड वाटतं, की आम्ही भाव वाढवायचंही विसरतो.

आणि काही माणसं कधीच काही मागत नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात पोरांचं ट्रेनिंग संपून शपथेचा कार्यक्रम असतो, तेव्हा आईबाप येतात. कुणी माणदेशातून, कुणी शिराळ्याकडून. सोबत भाकरी-चटणीचं गाठोडं. बाप खिशातून आधीच मोजून ठेवलेले अठराशे काढतो आणि दोन्ही हातांनी देतो. खोलीत पाऊल टाकताना चप्पल कुठं काढू, असं विचारतो. अशा वेळी हीच मला कोपरानं ढोसते, त्यातले पाचशे काढून घेते आणि 'पोराच्या हातावर ठेवा, आमच्याकडनं' म्हणून त्या माउलीच्या ओटीत टाकते. मग 'नको ताई', 'घ्या ओ', 'नको ताई' अशी उलटी घासाघीस सुरू होते. आमच्या घरात सूट देणाऱ्यानं आग्रह करायचा आणि घेणाऱ्यानं नाही म्हणायचं, हा प्रकार एवढ्याच वेळी होतो. ही गोष्ट कशी कोण जाणे बाहेर फुटली. पुढच्या कार्यक्रमाच्या वेळी जवानाचे म्हणून एक काका आले. पोराचं नाव विचारलं, तर म्हणाले, 'ते आत घेतल्यावर ठरवतात ओ.'

शेवटी हिनंच तोडगा काढला. रक्कम कमी करायची नाही, वर काहीतरी द्यायचं. जाताना प्रत्येकाला पाव किलो कुंदा. बेळगावचा कुंदा हातात पडल्यावर कोण तक्रार करील? पहिल्याच पाहुण्यानं डबा हातात घेऊन वजन अजमावलं.

'याचे किती धरलेत?'

'काही नाही, आमच्याकडून भेट.'

'म्हणजे फुकट?'

'फुकट.'

'मग असं करा,' डबा परत टेबलावर ठेवत तो म्हणाला, 'कुंदा ऱ्हाऊ द्या. त्याचे तेवढे कमी करा.'

कुंदाही हरल्यावर मी सरकारी मार्ग धरला. दोन्ही राज्यांचे मंत्री अडचणीच्या प्रश्नाला जे उत्तर देतात, तेच मी पाठ केलं. आता कुणी भावाचं विचारलं, की मी चेहरा गंभीर करून सांगतो, 'सवलतीचं प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्यावर मला बोलता येत नाही.' पुण्याकडच्या पाहुण्यांवर याचा उत्तम परिणाम होतो. ते 'अच्छा' म्हणतात आणि आदरानं पूर्ण पैसे देतात. साताऱ्याच्या एकानं तर खटल्यासाठी शुभेच्छा दिल्या.

परवा चिकोडीकडचे एक पाहुणे आले. त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं, सावकाश मान हलवली, बॅग उचलली आणि माडीच्या जिन्याची पहिली पायरी चढले.

'असू द्या की,' किल्लीसाठी हात पुढं करत ते म्हणाले. 'निकाल लागंपर्यंत ताबा आमच्याकडं ऱ्हाऊ द्या. पैशाचं निकालानंतर बघू.'